मुकीला दिलेले तीन गुण

नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागून बाईंना बावीस वर्षं झाली होती. इंजेक्शन, ड्रेसिंग कुणीही शिकवेल, पण चार जणींनी मिळून एक पेशंट कसा सांभाळायचा ते बाईंनीच शिकवावं, असं सगळे म्हणत. बाईंनाही मनातून ते पटलेलं होतं.

तिसऱ्या वर्षाच्या मुलींची परीक्षा होती. खाटेवर रबरी पुतळा. त्याला श्वास घेता येत नाही असं समजायचं. चौघींना मिळून आठ मिनिटं. बाई कोपऱ्यात स्टुलावर तक्ता घेऊन बसल्या. कामं वाटून घेतली का, एकमेकींशी बोलल्या का, दुसरीची चूक दिसली तर टोकलं का, अशी त्यात रकान्यांची रांग.

चौघींतल्या एकीला, ती फारसं बोलत नसे म्हणून, सगळ्या मुकी म्हणत. बाईही एकदोनदा म्हणून गेल्या होत्या. आठ मिनिटांत तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. चौघींची पुढारी झालेली मुलगी मात्र सारखी हुकूम सोडत होती. बाईंनी दहापैकी पुढारीला नऊ दिले, मुकीला तीन. म्हणजे नापास, सहा महिने मागे. मुकी "बरं, बाई" म्हणाली आणि निघून गेली.

दोन महिन्यांनी, नव्या मुलींना काही दाखवावं म्हणून, बाई एकट्याच बसून त्या परीक्षेचा व्हिडिओ बघत होत्या. पाचव्या मिनिटाला पुढारीने सिरिंज भरली, औषध दहापट. मुकीने तिचं मनगट धरलं, कुपीवरचा आकडा तिच्या डोळ्यांपुढे नेला आणि सिरिंज रिकामी करायला लावली. ऑक्सिजनची निसटलेली नळीही तिनेच जोडली होती. आणि कोपऱ्यात बाई मान खाली घालून तक्ता भरत होत्या.

बाईंनी तो भाग पुन्हा लावून बघितला.

प्राचार्यांना सांगायचं तर बावीस वर्षांच्या नावाला बट्टा. उद्या सांगू, उद्या सांगू करत त्यांनी अकरा दिवस घालवले. घरी जेवण जाईना. "कुणी काही बोललं का?" नवऱ्याने विचारलं. "कुणीच नाही रे, तेच तर," बाई म्हणाल्या.

बाराव्या दिवशी त्यांनी लेखी कळवलं. निकाल बदलला, बाईंना ताकीद मिळाली. पण मुकी तोवर कॉलेज सोडून चष्म्याच्या दुकानात लागली होती. बाई तिथे गेल्या.

"माझी चूक झाली गं. तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

मुकी काचा पुसत होती. "तुम्ही समोरच होतात ना, बाई. मला वाटलं, सगळं बघूनच तीन दिलेत."

बाईंनी व्हिडिओत काय दिसलं ते सांगितलं.

"व्हिडिओ कधी बघितलात?" तिने विचारलं.

"काल," बाई बोलून गेल्या.

मुकी परत आली, पण तिच्या मैत्रिणी पुढे गेलेल्या. तिला धाकट्या मुलींबरोबर बसावं लागलं. आज ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. बाई विद्यार्थिनींना घेऊन गेल्या की ती हसून म्हणते, "या बाई." हल्ली परीक्षेत आठ मिनिटं संपेपर्यंत बाई पेन हातात घेत नाहीत. ते 'काल' मात्र त्यांनी अजून दुरुस्त केलेलं नाही. दर वेळी ठरवून जातात, आणि वॉर्डातल्या मुलांची चौकशी करून परततात.