लग्नात आलेली गादी

लग्न होऊन नाशिकला आले आणि महिन्याभरात मला दम लागायला लागला. पहाटे जाग यायची तीच शिंकांनी. मग छाती भरायची, घशातून शिट्टी वाजायची, आणि पडद्यापलीकडे सासूबाईंनी कूस बदलल्याचा आवाज यायचा. त्या जाग्याच असायच्या. माझ्या शिंका मोजत असणार, अशी माझी खात्री होती.

अंबडला कारखाने नुकते उभे राहत होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. हे तिथं लेथवर कामाला. घर दोन खोल्यांचं, त्यात आम्ही दोघं, सासूबाई आणि शाळेत जाणारी धाकटी नणंद. सासूबाईंनी माझ्या दुखण्याचं निदान केव्हाच करून टाकलं होतं. माझे वडील घोटीला भातगिरणीवर नोकरीला आणि आमचं घर गिरणीच्या मागंच. “कोंड्यात वाढलेली पोर. छाती तिथंच गेलेली असणार. आजार लपवून गळ्यात मारली आमच्या,” असं त्या शेजारणीला सांगायच्या, तेही आत भांडी घासताना मला नीट ऐकू येईल अशा बेतानं.

मला उलट बोलता येत नव्हतं, पण संशय मलाही घेता येतो. माहेरी अंगावर कोंडा उडायचा तरी मी कधी शिंकले नव्हते. म्हणजे खोट याच घरात. पहिला संशय धुपावर. सासूबाई तिन्हीसांजेला निखाऱ्यावर ऊद-धूप घालून दोन्ही खोल्यांतून फिरवायच्या आणि माझ्या अंथरुणापाशी जरा जास्तच रेंगाळायच्या. मग रॉकेलच्या स्टोव्हवर, मग ह्यांच्या कपड्यांना येणाऱ्या तेलाच्या वासावर. सगळ्यात जास्त राग मला बंद खिडकीचा. ती एकुलती एक, रस्त्यावर उघडणारी, म्हणून सून आल्यापासून कायम लावलेली. मी उघडायची, त्या लावायच्या. यावरून आम्ही दोघी कधी चकार शब्द बोललो नाही.

ह्यांनी मला डॉक्टरांकडे नेलं. “अ‍ॅलर्जी आहे. घरातल्याच कशाची तरी. एकेक वस्तू बाजूला करून बघा,” डॉक्टर म्हणाले. तो शब्द आमच्या घरात नवा होता. सासूबाईंनी तो दोनदा म्हणून पाहिला आणि ह्यांना विचारलं, “सासूची पण असते का रे ही?” हे हसले. मी हसले नाही.

पंचमीला माहेरी गेले. तिथं चटईवर झोपायची, आणि छाती अगदी मोकळी. परत आले तर दुसऱ्याच पहाटे शिट्टी सुरू. “माहेरी ठणठणीत, इथं आली की घरघर. रोग तरी आहे नाहीतर सोंग तरी,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी वडिलांना रविवारी यायचा निरोप धाडला. काय बोलणार ते उघड होतं. पोरीला घेऊन जा, बरी झाली की बघू. अशी ‘बघू’ म्हणून माहेरी आलेली एक मुलगी घोटीला आमच्याच आळीत होती. ती परत कधी सासरी गेली नाही. मला फार भीती वाटत होती.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, पिंपळगाव बसवंतहून ह्यांच्या आत्या आल्या. पाहुणीला घरातली चांगली गादी द्यायची, म्हणून माझी दिली. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेली, निळ्या पट्ट्यांच्या खोळीची. मी स्वयंपाकघरात गोधडी टाकून झोपले. सकाळी जाग आली ती दूधवाल्याच्या हाकेनं. शिंक नाही, शिट्टी नाही. पलीकडच्या खोलीत मात्र आत्याबाई शिंकांवर शिंका देत होत्या.

“काय बाई ही गादी! लय कुबट हाय. नाक पार चोंदलं माझं.”

सगळ्या घरावर संशय घेऊन झाला होता, तेवढी गादी सोडून. ती माझ्या माहेरची होती ना!

सासूबाई आत्यांना स्टँडवर सोडायला गेल्या तशी मी खोळीची कड उसवली. वर पांढऱ्या कापसाचा पातळ थर. खाली करडा, गोळे झालेला, हात लावताच धूळ उडणारा कापूस. त्यात एक चिंधी अडकली होती. तिची तांबडी किनार मी ओळखली. माझे आजोबा वर्षानुवर्षं पडवीत अंथरुणाला खिळून होते, त्यांच्या गादीची खोळ ती. ते गेल्यावर गादी टाकून दिली, असं मला सांगितलं होतं. वडिलांनी तोच कापूस पुन्हा पिंजून माझ्या लग्नात दिला होता. मला त्यांचा इतका राग आला की रडूसुद्धा येईना. शिंका तेवढ्या आल्या.

मी सुई घेऊन कड परत शिवली. सांगावं तर मेलेल्या माणसाची गादी लेकीला दिली म्हणून वडिलांची सोयऱ्यांत छी-थू, न सांगावं तर माझीच पाठवणी. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत झाली होती.

रविवारी सकाळी पाणी भरून आले तर कोपऱ्यातली गादी जागेवर नाही. मागच्या अंगणात ती उसवून पडली होती आणि सासूबाई नाकाला पदर लावून उभ्या होत्या. हातात तांबड्या किनारीची चिंधी.

“पिंजारी जाड दोऱ्यानं शिवतो,” त्या म्हणाल्या. “ही बारीक शिवण तुझी आहे. आत काय आहे ते कळलं होतं ना तुला?”

मी मान हलवली.

“आणि बोलली नाहीस.”

आता वडील आले की ही बाई चिंधी त्यांच्या पुढ्यात टाकणार, एवढंच मला दिसत होतं. वडील आले, तांदळाची पिशवी घेऊन. चहा झाला. सासूबाई समोर बसल्या.

“भाऊ, तुम्ही दिलेल्या गादीला उंदीर लागले. टाकून दिली. तुम्हाला दुसऱ्याकडून कळायला नको, म्हणून बोलावलं.”

वडिलांनी कपबशी खाली ठेवली. “नवा कापूस धाडून देतो,” ते जमिनीकडे बघत म्हणाले.

“नको. कापूस आता आम्हीच बघून घेऊ.”

वडील एकटेच परत गेले. गादीबरोबर माझी शिट्टीही गेली. खिडकीही त्यानंतर उघडी राहायला लागली. पण सासूबाईंवर माझा विश्वास बसला नाही. हुकमाचं पान त्यांनी राखून ठेवलंय, कडाक्याचं भांडण झालं की टाकतील, असं मी धरून चालले. भांडणं चिक्कार झाली. पान काही पडलं नाही. मी वाट बघत राहिले.

काही वर्षांनी नणंदेचं लग्न ठरलं. अंगणात पिंजारी कापूस पिंजायची धनुकली घेऊन बसला, बाजूला कापसाचे दोन ढीग. सासूबाई खुर्ची टाकून पहाऱ्यावर. आजूबाजूच्या बायकाही जमल्या होत्या. मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, “इकडे ये. ह्या ढिगात नाक घाल.”

आलं ते पान, मला वाटलं, आणि तेही चारचौघांत. मी वाकून श्वास घेतला. काही नाही.

“आता तो दुसरा.”

दुसऱ्या ढिगाशी मला सणसणून शिंक आली, पाठोपाठ आणखी.

“उचल हा ढीग,” सासूबाई पिंजाऱ्याला म्हणाल्या. “माझी पोर यावर झोपायची नाही.”

पिंजारी शपथा घ्यायला लागला. कापूस कोरा आहे, वहिनींना सर्दी झाली असेल, कुणी मुद्दाम पण शिंकतं.

“ती सोंग करत नाही,” सासूबाई म्हणाल्या.