जर्मनच्या होडीला तांब्याचं ठिगळ

रंगभूमीवर मी अनेकदा राणी झाले, आणि प्रत्येक वेळी माझ्या डोक्यावर जोतिराम तांबटांनी घडवलेला मुकुट होता. मधल्या मारुतीच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान. पितळेचा पत्रा त्यांनी इतका पातळ ठोकला होता, की नाटक संपेपर्यंत मान अवघडायची नाही. दिव्यांच्या झोतात तो असा झळके की शेवटच्या रांगेतली माणसं माना उंच करून बघत. तेव्हापासून ते मला राणीसरकार म्हणू लागले आणि मी त्यांना अण्णा. पुढे आमची नाटक मंडळी मोडली, मुकुट कुठल्याशा पेटाऱ्यात हरवला, पण राणीसरकार काही सुटलं नाही.

अण्णा शांत माणूस. राग एकाच गोष्टीचा, अ‍ॅल्युमिनियमचा. आमच्याकडे त्याला जर्मन म्हणतात. तांब्यापितळेच्या धंद्यावर पहिला घाव जर्मनने घातला. स्टील मागाहून आलं. कुणी जर्मनचं पातेलं पोचा काढायला आणलं तर अण्णा हात मागे घेत.

"हे भांडं न्हाय बाई, भांड्याचं सोंग हाय. दुसरीकडं न्या."

"अण्णा, मीही जन्मभर सोंगंच केली की," मी म्हणायची.

"तुमचं सोंग टिकलं, राणीसरकार. ह्येचं बूड महिन्यात वाकडं हुतं."

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. सून उंबरठा ओलांडून आली, की सासऱ्याने स्वतः ठोकलेला तांब्याचा हंडा तिच्या कडेवर द्यायचा आणि घरातलं पहिलं पाणी तिने त्यात भरायचं. एकुलता एक प्रदीप पाळण्यात होता तेव्हाच अण्णांनी त्याच्या बायकोचा हंडा ठोकून ठेवला होता.

तो हंडा माळ्यावरून खाली आलाच नाही. प्रदीपने हातोडा सोडला, हिप्परग्याच्या तलावावर मासेमारी करणाऱ्या भोयांकडे कामाला गेला आणि तिथलीच दानम्मा करून बसला. अण्णांनी त्याचं नाव टाकलं. पुढे कळलं, त्याने होडी घेतली, तीही जर्मनची. त्या दिवशी अण्णा दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाले, "पोरगं गेलं ते गेलं, आन् जाऊन बसलं कशात बगा."

ती होडी प्रदीपला जेमतेम एक हिवाळा लाभली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. अण्णांना लेकाचं तोंडही बघायला मिळालं नाही. होडी तलावाकाठी बाभळीखाली पालथी पडून राहिली, आणि एकदा उसाची ट्रॉली मागे घेताना कुणीतरी ती चेपली.

तीन-चार वर्षांनी दानम्मा दुकानात आली. मी तिथेच बसले होते. अंगाने किडकिडीत, पदर खोचलेला. पायरीच्या खालीच उभी राहिली.

"मामा, होडीला दोन भोकं पडल्यात. पत्रा तुमाला कळतुया म्हनून आले."

अण्णा ठोकत राहिले.

"थर्माकोलवर बसून जाळं टाकते मी. वारं सुटलं की पलटी खातंय. मला काय झालं तर प्रतिक्षाकडं बगाया कोन न्हाय."

प्रतिक्षा म्हणजे प्रदीपची मुलगी. अण्णांनी नात पाहिलीच नव्हती.

"जर्मनला मी हात लावत न्हाय," अण्णा म्हणाले.

"लावू नगासा. तुमच्या लेकानं लावला हुता, तेवढं सांगाया आले." आणि ती वळून चालू लागली.

ती बोळाच्या तोंडाशी पोचायच्या आत अण्णांनी हाक मारली. सूनबाई नाही, नाव नाही, नुसतं "ए पोरी!" मी इतक्या नाटकांत इतक्या हाका ऐकल्या, पण इतकी अडखळलेली हाक ऐकली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षाने हिप्परग्याला गेलो. एकटं जायचं धाडस अण्णांना होईना. सोबत हातोडे, आणि चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड. होडी सरळ केली. आत वाळकी पानं, उंदराचं बीळ आणि बसायच्या फळीखाली प्रदीपची एक चप्पल. अण्णांनी ती झटकून बाजूला ठेवली. मग होडीवरून हात फिरवला. पत्रा अजून नवा होता, फारसा वापरलेलाच नव्हता.

दानम्माचा शेजारी सिद्धनाथ, तोही मासेमारीच करणारा, म्हणाला, "अण्णा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नेऊ की. आर्गन वेल्डिंग करत्यात, अर्ध्या तासाचं काम."

"तांबटाच्या घरातली वस्तू वेल्डिंगवाल्याकडं?" अण्णांनी चादर सोडली.

आत हंडा होता. लालबुंद, एकदाही पाणी न पाहिलेला.

मी "अण्णा!" म्हणेपर्यंत कात्री चालली होती. त्यांनी हंड्याची दोन मोठी ठिगळं कापली. उरलेल्या तुकड्यांच्या गुंडाळ्या करून रिबिटी केल्या. आधी पोचे काढले, मग ठिगळं बसवून एकेक रिबीट ठोकली. दानम्मा आतून ठोकळा दाबून धरत होती.  शेवटची रिबीट बसल्यावर अण्णा तिच्याकडे न बघता म्हणाले, "हंडा द्यायचा ऱ्हायला हुता तुजा."

ती होडीतच खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली.

त्या संध्याकाळी होडी पाण्यात गेली. पांढऱ्या पत्र्यावर ती दोन लाल ठिगळं, वर मावळतीचं ऊन. मी टाळ्या वाजवल्या. जुनी खोड.

त्यानंतर अण्णा बदलले. गिऱ्हाइकाला सांगत, "माजी सून हिप्परग्याला असती. सोताची होडी हाय तिची." शनिवारी प्रतिक्षा दुकानात येऊन बसे. दानम्मा कधी तलावातले चिलापी मासे घेऊन येई. अण्णा दर वेळी विचारत, "गळती न्हाय ना?"

"थेंब न्हाय, मामा."

वर्ष उलटलं. अण्णांना दमा लागला होता. दिवाळीनंतर एकदा म्हणाले, "राणीसरकार, एकदा बसायचंय तिच्या होडीत."

आम्ही न सांगता गेलो. दानम्मा काठावर होती. आम्हाला बघून तिने घाईने होडीच्या तळावर एक पोतं पसरलं आणि प्लॅस्टिकचा डबा पायाने फळीखाली सरकवला.

"आज नगं मामा, वारं हाय."

"झाडाचं पान हालंना, आन् वारं?" अण्णा हसत आत चढले.

काठापासून थोडं आत गेलो तोच त्यांचा पाय भिजला. त्यांनी वाकून पोतं बाजूला केलं. तांबं शाबूत होतं, एक रिबीट हललेली नव्हती. पण ठिगळाच्या कडेने जर्मनचा पत्रा सडला होता. पांढरी भुकटी धरली होती आणि तिथून पाणी झिरपत होतं. अण्णांनी नख लावलं तर पत्रा पापडासारखा तुटला.

"कवापासनं?"

दानम्माने होडी काठाकडे वळवली.

"कवापासनं, पोरी?"

"पावसाळ्यापासनं. सिद्धनाथदादा म्हनला, तांबं जर्मनला खातंय, ओल लागली की."

"आन् तू डब्यानं पानी उपसत बसलीस?"

"तुमी येवढं मन लावून ठोकलं हुतं मामा. कसं सांगू?"

अण्णांनी ती भुकटी बोटावर घेतली. मग म्हणाले, "आयुष्यभर जर्मनला शिव्या दिल्या. त्यो कसा असतुया, येवढं बी बगितलं न्हाय." ते जर्मनविषयीच बोलत होते का, कोण जाणे. मी विचारलं नाही.

ठिगळं त्यांनी स्वतःच काढली. छिन्नी दुसऱ्याला लावू दिली नाही. मग होडी टेंपोतून एमआयडीसीत नेली. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडला. अण्णा बाहेर स्टुलावर, वेल्डिंगच्या उजेडाकडे पाठ करून बसले होते. काम सुबक झालं. हात फिरवून म्हणाले, "आता गळायची न्हाय." त्यात त्यांचं काहीच उरलं नव्हतं.

काढलेली ठिगळं मांडीवर घेऊन बसले होते. कडेने ओळीने भोकं.

"येचं आता भांडं बी हुत न्हाय," ते म्हणाले.

दानम्माने ती उचलून उजेडात धरली. "मामा, पट्ट्या कापून देता? जाळ्याच्या खालच्या दोरीला वजन लागतंय. भोकं तर हायतच, दोरा ओवायला."

 अण्णांनी कात्री मागितली.

दम लागेल तसं थांबत, काही दिवसांत एक ठिगळ कापून झालं. दुसरं अर्धं झालं होतं, तेव्हा थंडीत दम्याने त्यांना नेलं. उरलेलं दानम्माने कापलं. पट्ट्या ओबडधोबड झाल्या. कुठल्या त्यांच्या आणि कुठल्या तिच्या, ते लगेच कळतं.

परवा मी हिप्परग्याला गेले होते. होडीत बसले, तिचा तळ कोरडा होता. दानम्माने उभं राहून जाळं फेकलं. ते हवेत उघडलं, कडेच्या लाल पट्ट्यांवर क्षणभर ऊन पडलं, आणि सगळं पाण्याखाली गेलं. माझे हात टाळीसाठी उचलले गेले होते. मी ते तसेच मांडीवर ठेवले.