जोत्यावरचा फोटो

शेजारी बांधकाम सुरू आहे. ओल्या सिमेंटचा वास आला की मला जळकोटचं आमचं घरकुल आठवतं. तेव्हा नुसतं जोतं झालं होतं. पुढचा हप्ता मिळायला लाभार्थ्याचा जोत्यावर उभा फोटो लागायचा. लकवा झालेल्या अण्णांना मायनं मागून कंबरेला धरून उभं केलं.

"फोटोत लाभार्थी एकटाच पाहिजे," मोबाईल धरलेले साहेब म्हणाले.

"साहेब, सोडलं तर पडतेत की हो!"

"घडीभर सोडा."

मायनं हात काढले. फोटो निघाला आणि अण्णा तोंडावर आपटले. साहेब मोबाईलमध्येच बघत होते. "चांगला आलाय," म्हणाले.

आता तोच फोटो हार घालून त्याच घरात लावलाय. पाहुणे म्हणतात, "किती ताठ उभे हायेत अण्णा!"

तेव्हा माय आपले हात पदराखाली घेते.