वन्संचा प्रयोग आणि माझा स्वेटर

माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे वन्संना, कॉलेजातल्या मुली पाठीमागे ‘अंतरबाई’ म्हणत. प्रयोगशाळेत त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: “अंतर ठेवा!” काचेच्या पेटीत बारीक तारेला आडवी दांडी टांगलेली, तिच्या टोकाला शेंगदाण्याएवढी हलकी गोळी. शेजारी तशीच दुसरी, पण पक्की बसवलेली. दोघींना सारखा विद्युतभार दिला की टांगलेली गोळी रुसून लांब जायची. मग वरची खुंटी पिळून तिला हव्या त्या अंतरावर आणायचं. जितका पीळ, तितकं बळ. अंतर दुप्पट केलं की बळ पाव.

घरीही हाच नियम. माझी आई राहायला आली की वन्सं तिची खुर्ची सासूबाईंपासून लांब सरकवत. “अंतर दुप्पट, भांडण पाव.” पाव नाही, पण निम्म्यावर नक्की यायचं.

पुढे प्राचार्यांना ती खोली उपाहारगृहासाठी हवीशी झाली. दमट हवेत भार टिकत नसे, त्यामुळे प्रयोग बरेचदा फसायचा. “शुक्रवारी करून दाखवा, नाहीतर खोली सोडा,” ते म्हणाले. वन्संचं जेवणावरचं लक्षच उडालं.

शुक्रवारी हवा मस्त कोरडी होती आणि थंडी कडाक्याची. मी नुकताच विणलेला जांभळा स्वेटर वन्संच्या अंगात चढवला, आणि त्यांचा विसरलेला डबा द्यायच्या निमित्ताने मागोमाग गेले.

वन्संनी कोट काढला. केस वाळवायच्या यंत्राने प्लॅस्टिकची दांडी वाळवली, घासली, गोळ्यांना भार दिला. गोळी लांब जायची सोडून वन्संकडेच वळली. त्या डावीकडे सरकल्या, तीही डावीकडे. उजवीकडे, तर उजवीकडे.

“फार लळा लावलात हो,” प्राचार्य म्हणाले. “खोली सोडलीत तर मागोमाग येईल.”

वन्संनी स्वेटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“वहिनी, लोकर कसली?”

“चांगली आहे! धुतली तरी आटत नाही. नायलॉनची.”

“बाहेर!”

“कोण, मी?”

“तू पण आणि हा पण!”

कोटाला घासून भार चढलेला तो स्वेटर काढताना असा तडतडला की वन्संचे केस उभेच राहिले. मी तो घेऊन दाराच्या फटीतून पाहू लागले. वन्संचे दात वाजत होते, पण हात स्थिर. पुन्हा भार दिला. गोळी शहाण्यासारखी लांब गेली. खुंटी पिळली, आकडा वाचला. मग अंतर दुप्पट. प्राचार्य स्वतः आकडा वाचायला काचेला नाक लावून वाकले.

“अंतर ठेवा!”

बिचारे टुणकन मागे उडाले. मग लांबूनच मान तिरकी करून म्हणाले, “पावच आहे की हो!”

उपाहारगृह सायकली ठेवायच्या जागेत गेलं.

माझा स्वेटर मात्र घरी आलाच नाही. दांडी घासायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, म्हणून तो प्रयोगशाळेतच खुंटीवर राहिला.

“वहिनी, तू विणलेल्यातलं हे पहिलंच कामी आलं बघ,” वन्सं रात्री जेवताना म्हणाल्या.

कौतुकच होतं ते. तरी मी माझी खुर्ची जरा लांब सरकवली.