मामांचा परवा

फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. पलीकडून मामी एवढंच म्हणाल्या, "अगं, मामा गेले." आणि मी विचारलं, "कोणत्या ऑफिसात?"

तो प्रश्न आठवला की अजूनही अंगावर काटा येतो. पण खरं सांगू का, दुसरं काय विचारणार होते मी? मनोहरमामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. सरकारी शिक्षण खात्यात आधी मास्तर, मग अधिकारी, मग निवृत्त. निवृत्त फक्त कागदोपत्री. कुणाची बदली अडली, कुणाची पेन्शन लटकली, कुठल्या शाळेत गणिताला कुणी नाही, की निघाले पिशवी घेऊन. काचीगुड्याला मामांच्या घरी फोन लावला की मामींचं ठरलेलं उत्तर असायचं, "ते गेले," आणि त्याला जोडून ऑफिसचं नाव. त्या दिवशी नाव आलं नाही. मामी गप्प होत्या आणि मी खुळ्यासारखी जिन्यात उभी राहून पुढच्या शब्दाची वाट बघत होते...

मी पुण्याची. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी कुकटपल्लीत आले आणि पहिल्याच रविवारी मामांकडे जेवायला गेलो. मामा मोठ्या खुशीत म्हणाले, "परवाच तुझ्या सासऱ्याला घेऊन पिक्चरला गेलो होतो. काय हसला गं तो!" माझ्या हातातला घास तसाच राहिला. सासरे आमचं लग्न ठरायच्याही कितीतरी आधी वारलेले. मी नवऱ्याकडे बघितलं, तर तो शांतपणे वरण ओतून घेत होता. घरी जाताना त्यानं उलगडा केला. इथल्या दखनी बोलीत कालच्या मागचं सगळंच 'परसों' असतं, आणि इथल्या जुन्या मराठी घरांनी आपल्या 'परवा'लाही तीच सवय लावलेली आहे. आमच्या पुण्यातही परवा जरा सैलच असतो, पंधरवड्याभरानं मागेपुढे सरकतो. पण मामांचा परवा अगदी निजामाच्या अमदानीपर्यंत मोकाट सुटायचा. मला असल्या ढिलाईचा मनस्वी राग. "मामा, परवा म्हणजे नक्की कधी?" असं मी दर वेळी विचारायची आणि ते दर वेळी म्हणायचे, "होऊन गेलं की, बाई. तारखेचं काय लोणचं घालायलीस?"

मामा नेमके काय होते, हेही मला कधी नीट कळलं नाही. जिल्ह्याचे साहेब आणि मंडलाचे, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याचे, साहेब यांच्या मधे कुठेतरी ते बसायचे, एवढंच समजलं होतं. एकदा मी चिडून म्हटलं, तुमचं खातं एकदा सरळ समजावून सांगा बघू. तर मामा उठले, स्वयंपाकघरात गेले आणि मामींचा मसाल्याचा डबा घेऊन आले. "ही मोहरी. हे आमचं संचालनालय. पहिला तडतडाट हिचाच. ही हळद, जिल्हा शिक्षणाधिकारी. हिच्याशिवाय कुठली भाजी होत नाही. जिरं म्हणजे मंडलाचा अधिकारी, चारपाच शाळासंकुलं त्याच्या गळ्यात. तिखट म्हणजे परीक्षावाले. वर्षातून एकदा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. धने म्हणजे पुस्तकं छापणारे. मेथी म्हणजे अभ्यासक्रमवाले, कडू पण पथ्याचे." मी विचारलं, आणि त्या निवासी शाळा, ज्यांच्या जाहिराती बसवर असतात त्या? मामांनी फडताळाकडे बोट केलं. "ते हिंग. ते डब्यात नसतंच. त्याची डबी वेगळी. त्या शाळा कल्याण खात्यांच्या, आमच्या नव्हे. वास मात्र घरभर." नवरा म्हणाला, "आणि हा चमचा?" मामा एकदम गंभीर झाले. "तो मास्तर. वाट्या सात, चमचा एक."

हसण्याच्या नादात हळद जिऱ्यात सांडली आणि मामी बाहेर आल्या. "खातं तिकडं ऑफिसात मांडा, माझ्या डब्यात नक्को." डबा उचलता उचलता त्यांनी सातवी वाटी मला दाखवली. तिच्या तळाशी खसखशीचे जेमतेम चार दाणे होते. "हे बघ. दिवाळीशिवाय लागत नाही. मी किती वेळा म्हटलं, इथं ओवा ठेवते. ठेवू देत नाहीत. संपत आली की स्वतः चिमूटभर आणून टाकतात." मामा म्हणाले, "राहू दे की. रिकामी झाली की वाटी जाती. गेली की मागून मिळत नाही." त्यावर घरात खरोखरच खसखस पिकली. मीही हसले. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, दुसरं काय, असं मला वाटलं होतं.

आता ज्या गोष्टीनं माझं डोकं अजून भणभणतंय, ती सांगते. काचीगुड्याजवळच्या एका सरकारी शाळेत तेलुगू, उर्दू आणि मराठी अशी तीन माध्यमं एकाच छताखाली आहेत. मराठीचा एकच वर्ग उरला आहे, सगळ्या इयत्ता मिळून. नांदेडकडून कामाला आलेल्यांची मुलं, काही इथल्याच जुन्या घरांतली. शनिवारी मी तिथे गोष्टी वाचून दाखवायला जाते. मुलं घरी मराठी बोलतात, वाचताना मात्र प्रत्येक जोडाक्षरापाशी अडखळतात. त्यांना शिकवणाऱ्या सुवर्णाबाई त्याच भागात वाढलेल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं आणि सांगितलं, हा वर्ग तेलुगूत मिळवून टाकणार आहेत, मला दुसरीकडे पाठवतील. चौथीतली मुलगी पाचवीत एकदम तेलुगू कुठून आणणार, ही त्यांची काळजी. मी तडक मामांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघतो की."

त्यानंतर मामांची तब्येत बिघडली. हृदय थकलं होतं. बोलताना धाप लागायची, म्हणून वाक्यं तोकडी झाली होती, क्रियापदापर्यंत पोचतच नव्हती. शेवटची भेटले तेव्हा ते खिडकीशी पलंगावर उशांना टेकून बसले होते. मी मनाशी म्हणत होते, आज विचारायचं नाही. पण राहवलं नाही. "मामा, मराठीच्या वर्गाचं..." त्यांनी हात वर केला. "ते... परवा."

बस्स. आपली भाषा तरी काय वस्ताद आहे बघा. परवा मागचाही असतो आणि पुढचाही असतो, आणि कुठला ते क्रियापद सांगतं. मी वाकून विचारलं, "परवा झालं, की परवा होईल?" मामा हसले. माझ्या तारखेच्या वेडावर नेहमी हसायचे तसेच. मग मामी औषध घेऊन आल्या आणि विषय तिथेच राहिला. पुढच्याच आठवड्यात तो जिन्यातला फोन आला.

तेराव्याला सुवर्णाबाई आल्या. फोटोला नमस्कार करून माझ्याशेजारी बसल्या. मी म्हटलं, मामा तुमच्या वर्गाचं बघणार होते हो. त्या जरा माझ्याकडे सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला खरंच माहीत नाही? साहेबांनी आपल्या हातानं मराठी शाळा बंद केल्या. मी शिकले ती पण. आईनं इथंच, या दारात येऊन हात जोडले होते. साहेब म्हणाले, होणार नाही." एवढं बोलून त्यांनी पुन्हा फोटोकडे बघून हात जोडले. रागानं नव्हे, अगदी मनापासून. मला काहीच कळेना. लोक पांगल्यावर मामींना विचारलं. मामी ताटं आवरत होत्या. "केल्या असतील. एकच मास्तर, तोबी सदा रजेवर. पोरं अंगणात खेळून घरी जायची. ह्यांनी उचलून मोठ्या शाळेत घातली. त्या रात्री जेवले नव्हते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "पण तिची आई आली होती, ते खरंय."

म्हणजे मामा वर्ग वाचवणारे की मिटवणारे? 'परवा' म्हणाले तो वर्ग वाचवल्याचा परवा, की बंद करायला संमती दिल्याचा? माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल असा प्रश्न पडणं फार वाईट. उत्तर द्यायला तो नसतो आणि आपण त्याच्या फोटोशी भांडत बसतो. मी भांडले. मग रजा टाकली आणि ज्या ऑफिसांत मामा जायचे, तिथे स्वतः जायला लागले.

मंडलाच्या ऑफिसात म्हणाले, वर्ग आमच्याकडे, पण शिक्षक जिल्ह्याचे. जिल्ह्याला गेले तर शिक्षक त्यांचे, पण माध्यमाचा निर्णय वरचा. वर गेले तर माध्यम त्यांचं, पण पोरं किती ते मंडलानं कळवायचं, आणि मराठीची पुस्तकं आणखी तिसऱ्याकडून. सगळे अगदी अदबीनं बोलत होते, कुणीतरी चहाही पाजला. कुणी खोटं बोलत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. मी मनातल्या मनात मसाल्याचा डबा उघडून बघत होते. आपण आत्ता मोहरीत आहोत की मेथीत?

शेवटी एका खोलीत, कपाटांच्या रांगेआड, एक वयस्क गृहस्थ भेटले. मी मामांचं नाव सांगितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मनोहर साब? हौ, परसों-इच आए थे ना."

क्षणभर, खोटं कशाला सांगू, माझ्या काळजात लख्ख झालं. जणू मामा आत्ताच जिना उतरून गेलेत आणि मी धावले तर गेटपाशी सापडतील. मग भानावर आले. "परसों म्हणजे कब?"

"जब ये पंखा खराब था."

"पंखा कब खराब था?"

"परसोंच तो," ते म्हणाले, अगदी निरागसपणे.

मी हात टेकले. विचारलं, मराठी क्लासबद्दल काही बोलले का? गृहस्थांनी डोळे मिटून आठवलं. "बोले, चार दाने रहने दो, जहीर मियाँ. मेरे को समझा नहीं. मैं सोचा साब घर का कुछ बोल रहे. फिर खुद अंदर गए, बड़े साब के पास. बहुत देर बैठे. बाहर आको पानी माँगे." आत काय बोलणं झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं. आणि हे या उन्हाळ्यातलं, की कुठल्या जुन्या उन्हाळ्यातलं, कुठल्या जुन्या वर्गाचं, तेही मला कळायला मार्ग नव्हता. चार दाणे... मलाही तेव्हा समजलं नाही. दमले होते, भूकही लागली होती. मेट्रोत बसून घरी आले.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच शनिवारी गेले. तेलुगूच्या मोठ्या वर्गाआड, कोपऱ्यातल्या खोलीत, मराठीची मुलं बसलेली होती. गेल्या वर्षीपेक्षाही कमी, पण होती. सुवर्णाबाई दारातच भेटल्या. सकाळी हा वर्ग आणि दुपारी दुसऱ्या शाळेत, असं त्यांचं 'सर्दुबाटु' झालं होतं. सर्दुबाटु म्हणजे तेलुगूत सांभाळून घेणं, जागा करून देणं. "वरून आदेश आला," त्या म्हणाल्या. "कुणी केलं माहीत नाही. पुढच्या वर्षीचंही माहीत नाही." मी त्यांना मामांचं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे होतं तरी काय? त्यांची स्वतःची शाळा मामांनी बंद केली होती, ते तर कशानंच पुसलं जाणार नव्हतं. त्यांनी मुलांना गप्प केलं आणि मी गोष्ट वाचायला घेतली.

परतताना काचीगुड्याला मामींकडे उतरले. मामी बाहेरच्या खोलीत पडून होत्या. म्हटलं, पडा तुम्ही, खिचडी मी टाकते. कुकरमध्ये तूप तापलं तसा मसाल्याचा डबा उघडला. मोहरी घातली, जिरं घातलं, हळद घातली. एकच चमचा वाटीवाटीत फिरत होता. आणि मग सातव्या वाटीकडे लक्ष गेलं. तळाशी खसखस होती. जेमतेम, पण होती. चार दाणे. रिकामी झाली की वाटी जाते...

मला रडू फुटलं. तूप जळायला लागलं, गॅस बंद केला आणि तशीच ओट्याला धरून उभी राहिले. मामी उठून दारात आल्या. मी वाटी दाखवून विचारलं, "ही कधी घातली?"

"त्यांनीच की," मामी म्हणाल्या. "परवा."

कुठला परवा, ते मी विचारलं नाही. मामींनी वाटी हातात घेऊन जराशी हलवली. दाणे एका बाजूला गोळा झाले.

"संपत आली बघ. येताना कोठीच्या बाजारातून थोडी घेऊन ये."

"कधी आणू?"

"आण की परवा."

"हौ," मी म्हणाले.