नवरी रामाकोन्याची, वऱ्हाड नागपूरचं

आमच्या मंडळाचे किस्से कोणी ठरवून जमवले नाहीत. नाटक झालं, सामान परत गेलं, सतरंज्या झटकून झाल्या आणि किस्से तेवढे मागे राहिले. त्यात गंमत अशी, की जो त्या दिवशी हजर नव्हता तोच किस्सा सगळ्यांत रंगवून सांगतो! आम्ही चौघं जमलो की एकानं "त्या दिवशी..." म्हणायचा अवकाश, बाकीचे तिघं "थांब थांब, मी सांगतो" म्हणून पुढे सरकतात. चहा हमखास गार होतो.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगून टाकते. प्रभाकर सर सौंसरला गणित शिकवायचे आणि फावल्या वेळात नाटकं लिहायचे. कुसुमताई सरकारी दवाखान्यात नर्स होती, आमची मुख्य गाणारी. दिगूभाऊचं पांढुर्ण्याला कापडाचं दुकान, ढोलकी त्याची. आणि मी सुनंदा, शाळेतली मराठीची बाई, पेटीवर बसायची.

सरांचं 'नवरी हरवली बगीच्यात' हे संगीत नाटक आम्ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वी केलं. सासरी निघालेली नवरी संत्र्याच्या बगीच्यात पाणी प्यायला उतरते आणि वाट चुकते. बस्, गोष्ट एवढीच. बाकी सगळी गाणी! तेच नाटक मागच्या वर्षी नागपूरच्या एका मोठ्या थेटरात उभं राहिलं. म्हणून काही किस्से इकडचे आणि काही तिकडचे.

\*\*\*

आम्हाला हॉल काही मिळाला नाही. शेवटी दिगूभाऊच्या मामेभावाचं रामाकोना गावाजवळचं संत्र्याचं पॅकिंग शेड मिळालं. वर टिन, खाली सिमेंट, भिंतीत मुरलेला संत्र्याचा वास. लोकांना बसायला क्रेट उलटे टाकले, मधोमध सतरंज्या अंथरल्या. तेच स्टेज! झाड म्हणजे बांबूला गुंडाळलेलं हिरवं लुगडं. जागा इतकी कमी, की नवरी फिरायला लागली की मी पाय पोटाशी घ्यायची.

पहिल्याच प्रयोगाला नवरदेवाची एंट्री लोकांमधून होती. नवरदेव झाला होता बँकेतला एक लाजाळू मुलगा. तो डोक्याला बाशिंग बांधून निघाला, तर वाटेत एका आजोबांनी त्याचा हात धरला.

"या जावईबापू, बसा."

त्यानं हात सोडवायचा प्रयत्न केला. आजोबांनी त्याला शेजारच्या क्रेटवर बसवलंच. खिशातून संत्रं काढलं, सोललं आणि एकेक फोड त्याच्या तोंडात द्यायला लागले. इकडे मी गाण्याची सुरुवात वाजवून राहिले. एकदा झाली, दोनदा झाली. सर खांबाआडून हात हलवून राहिले!

शेवटी नवरदेव भरल्या तोंडानं कळवळून म्हणाला, "मामाजी, माझी बायको हरवली हो!"

आजोबा म्हणाले, "ते सापडते जी. पहिले फोड खा."

\*\*\*

सरांचं दिग्दर्शन एका वाक्यात संपायचं. "समोर जे माणूस बसलं असन, त्याच्या डोळ्यात पाहून गा." बस्.

नाटकात एक गाणं आहे. वाट चुकलेली नवरी झाडाखाली थांबून, अजून न पाहिलेल्या सासूची भीती गाते. सासू कशी असेल, मिठावरून बोलेल का, झोपू देईल का, असं. कुसुमताई गायला उभी राहिली आणि सरांचं ऐकून तिनं समोरच्या बाईच्या डोळ्यात पाहिलं.

समोर तिची स्वतःची सासू!

मागे जायला जागा नाही, मान वळवायची नाही. कुसुमताईनं तिच्याकडे पाहत अख्खं गाणं म्हटलं. आधी आवाज कापत होता. मग काय झालं कोण जाणे, भीतीचं गाणं हळूहळू विनवणीचं झालं. आम्ही वाजवणारेही गप्प झाल्यासारखे वाजवत होतो. दोन हातांवर बसलेली ती म्हातारी पदर तोंडाला लावून ऐकून राहिली होती. मी तेव्हापासून पुष्कळ गाणं ऐकलं, पण एका माणसाचं गाणं दुसऱ्या माणसात शिरताना इतक्या जवळून पुन्हा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चुलीपाशी म्हणाल्या, "मिठाचं काही असन तं घरातच सांगत जाय ना वो. काऊन गाऊन दाखवते?"

\*\*\*

तिसऱ्या प्रयोगाला दिवेलागणीलाच लाईट गेली. पावसाळी हवा, शेडमध्ये काळाकुट्ट अंधार. लोक उठायला लागले. तेवढ्यात एका शेतकऱ्यानं बाहेरचा ट्रॅक्टर चालू केला, शेडच्या तोंडाशी आणला आणि हेडलाईट सरळ आत सोडले.

"आता चालू द्या!"

प्रकाश झाला, पण इंजिनाची धडधड! पेटी मलाच ऐकू येईना. दिगूभाऊनं क्षणभर कान दिला, मान हलवली आणि त्या धडधडीवरच ढोलकी धरली. गाणं आम्ही बसवलं होतं केरवा तालात. हे काहीतरी वेगळंच चाललं होतं! पण कुसुमताईनं ते उचललं. ती उजेडात आली आणि तिची सावली मागच्या टिनावर पडली, जमिनीपासून छपरापर्यंत. धुळीचे कण उजेडात सोन्यासारखे फिरत होते. आपल्या दवाखान्यात इंजेक्शन देणारी बाई एवढी मोठी आहे, हे लोक पहिल्यांदा पाहून राहिले होते. एकही लेकरू रडत नव्हतं.

प्रयोग संपल्यावर सरांनी दिगूभाऊला धरलं. "दिगू, ताल काऊन बदलवला बे?"

"सर, मी नाई बदलवला. ट्रॅक्टर दादऱ्यात होता!"

\*\*\*

आता तिकडचं.

त्या शेडमधलं नाटक कोणा पाहुण्यानं मोबाईलमध्ये घेतलं होतं. फिरत फिरत ते नागपूरच्या ऋचा नावाच्या एका दिग्दर्शिकेपर्यंत पोचलं. वय असेल तिशीचं. ती एका दुपारी सौंसरच्या स्टँडवर उतरली आणि विचारत विचारत सरांच्या दारात आली. सरांनी आम्हालाही बोलावून घेतलं.

"सर, मला हे मोठं करायचं आहे," ती म्हणाली.

"किती मोठं?"

तिनं सांगायला सुरुवात केली. नाचणारे चाळीस, वाजवणारे वीस, कोरसवाले वेगळे, लाईटवाले वेगळे, सेट फिरवणारे वेगळे, कपडेपट वेगळा, मेकअप वेगळा...

सरांनी चष्मा काढला. "बाई, तू नाटक सांगून राह्यली का रामाकोन्याची मतदार यादी?"

पण परवानगी दिली. आम्हाला मात्र धाकधूक. चार सतरंज्यांवर वाढलेलं पोर शहरात नेऊन हे लोक त्याचं काय करतील, ही ती धाकधूक.

\*\*\*

पहिल्या प्रयोगाला आम्ही चौघं बसनं नागपूरला गेलो. दिगूभाऊ तर वाटभर तयारी करून राहिला होता. "नाच जास्त असन. गाणं दाबून टाकलं असन. आपला साधेपणा गेला असन. पाहजो तू, सुनंदाताई!" नावं ठेवण्याची इतकी जय्यत तयारी मी लग्नघरातही पाहिली नाही.

थेटर म्हणजे काय सांगू! आमची चार शेडं त्याच्या पोटात मावली असती. खुर्चीत बसलो तर पाठ आत रुतली. दिवे गेले. पडदा वर गेला.

आधी नुसतं धुकं. मग धुक्यातून एक झाड. त्याच्या मागे दुसरं. मग रांगच्या रांग, लांबपर्यंत, पांढऱ्या फुलांनी लगडलेली. आणि सबंध बगीचा हळूहळू फिरायला लागला! नवरी जागेवरच चालत होती आणि झाडं तिच्या बाजूनं मागे जात होती. खालून व्हायोलिनं उठली, सरांची पहिली चाल घेऊन. तीच चाल! मी दोन बोटांनी वाजवायची ती. आता ती अख्ख्या थेटरच्या भिंतींतून येत होती. 

दिगूभाऊनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली.

मध्यंतर झालं. दिवे लागले. हा तसाच बसलेला.

"काय मग दिगूभाऊ, काय काय चुकलं?"

त्यानं पडद्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "ताई, बांबूले लुगडं गुंडाळून आपण हेच पाहून राह्यलो होतो ना?"

"हो."

"मंग हे या लोकायले कसं दिसलं?"

\*\*\*

मध्यंतरातच ऋचानं आम्हाला वाजवणाऱ्यांकडे नेलं. संगीत बसवणारा एक दाढीवाला तरुण होता. तो वाकून नमस्कार करून म्हणाला, "तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या गाण्यात एक जागा आहे. सगळं थांबतं आणि एकदम 'धडाम्!' मग कोरस सुरू. काय जागा आहे! आम्ही तीन वाद्यं करून पाहिली. शेवटी हा मागवला."

कोपऱ्यात एक भलामोठा पितळी थाळा टांगला होता. शेजारी एक माणूस, हातात मोगरी घेऊन. अख्ख्या नाटकात त्याचं काम तेवढंच!

मी आणि दिगूभाऊ एकमेकांकडे पाहून राहिलो. ते 'धडाम्' म्हणजे त्या दिवशी शेडच्या टिनावर उडी मारलेलं वांदर होतं!

पण खरं सांगते, पहिल्या अंकात तो टोला पडला तेव्हा मागच्या डोंगरावर उजेड फुटला होता आणि सगळ्या थेटरनं श्वास ओढला होता. आमच्या वांदराच्या उडीचा यांनी सूर्योदय केला होता. हसावं की हात जोडावेत, ते कळेना.

दाढीवाला विचारत होता, "मूळ वाद्य कोणतं होतं हो ते?"

दिगूभाऊ गंभीरपणे म्हणाला, "लोकल हाय जी. पकडून आणा लागते."

\*\*\*

परत जागेवर आलो तर सर गायब. पहिल्या रांगेतली त्यांची मानाची खुर्ची रिकामी. दिगूभाऊ धावत शोधायला गेला. तब्येत बरी नाही का, राग आला का, ऋचाही घाबरली.

सर सापडले बाल्कनीत. अगदी शेवटची रांग, भिंतीला टेकलेली खुर्ची. शेजारी एक कॉलेजची पोरगी पॉपकॉर्न घेऊन बसलेली.

"सर, इथं काऊन येऊन बसले?"

"शेडमध्ये शेवटच्या माणसाले शब्द न् शब्द ऐकू जाये. इथं जाते का, पाहून राह्यलो."

"जाते का?"

सरांनी शेजारच्या पोरीकडे बोट दाखवलं. तिच्या मांडीवर पॉपकॉर्नचा डबा तसाच भरलेला होता आणि ती पडद्याकडे पाहून तोंडातल्या तोंडात आमचं पहिलं गाणं म्हणून राहिली होती.

"खाली चला ना सर," दिगूभाऊ म्हणाला.

"जाय तू," सर म्हणाले. "मले इथून जास्त ऐकू येऊन राह्यलं."

\*\*\*

आता शेवटचा. हा आम्ही एकमेकांना फारसा सांगत नाही.

नाटकाच्या शेवटी, दुसऱ्या दिवसाची पहाट होते तेव्हा, नवरीचं एकटीचं गाणं आहे. कुसुमताईचं ते सगळ्यांत मोठं गाणं. पण मधल्या वर्षांत तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. बोलते ती घोगऱ्या आवाजात, जवळ बसलं तर ऐकू येईल इतकंच. गाणं संपलं.

नागपूरला नवरीचं काम करणारी मैथिली, शिकलेली गायिका. नाटक उभं राहण्याआधी ती सौंसरला कुसुमताईकडे आली. मी तिथं होतेच.

कुसुमताई म्हणाली, "मी का शिकवू वो तुले? मोबाईलमध्ये हाय ना सगळं."

"सूर आहेत ताई त्याच्यात," मैथिली म्हणाली. "तुम्ही श्वास कुठं घेता ते ऐकू येत नाही."

कुसुमताई जवळ सरकली. मग तिनं मैथिलीचा हात ओढून आपल्या बरगडीवर ठेवला आणि मला म्हणाली, "पेटी धर."

मी सूर धरला. कुसुमताई गायली. म्हणजे आवाज नव्हता. ओठ हलत होते, छाती भरत होती, रिकामी होत होती. दुपारची वेळ, अंगणात वाळत घातलेल्या गव्हावर चिमण्या, आणि खोलीत पेटी आणि एका बाईचा श्वास. एवढंच. पूर्ण गाणं झालं. मैथिलीचा हात तिथून हलला नाही. नंतर ती पुन्हा आली. पुन्हा आली. दर वेळी असंच.

प्रयोगाच्या दिवशी ते गाणं आलं. चाळीस नाचणारे जिथल्या तिथे जमिनीवर बसले. वीस वाजवणारे थांबले. एवढा फिरणारा बगीचाही थांबला. मैथिली एकटी चालत पुढे, अगदी कडेला आली.

तिनं श्वास घेतला. माझ्या शेजारी कुसुमताईनं श्वास घेतला.

मग मला पुढचं सगळं दोन्ही बाजूंनी ऐकू आलं. सूर समोरून, श्वास शेजारून. एकदाही मागेपुढे नाही. मी वळून पाहिलं नाही, हिंमत झाली नाही. शेवटचा लांब सूर लागला तेव्हा कुसुमताईचा हात आपल्याच बरगडीवर गेला. सूर चालला होता. थेटरात कोणी हलत नव्हतं. तो आता तुटेल असं वाटत होतं आणि तुटत नव्हता. तिकडे तो विरला आणि इकडे कुसुमताईची छाती खाली बसली.

 मग अख्खं थेटर उठून उभं राहिलं. एकटी कुसुमताई बसलेली.

मैथिली मेकअपसकट, नवरीच्या शालूतच, गर्दीतून वाट काढत खाली आली आणि तिच्या पायाशी बसली.

"ताई, कसं झालं?"

कुसुमताईनं पदरानं कपाळाचा घाम पुसला.

"पहिले पाणी दे वो," ती म्हणाली. "दम लागला मले."