साहेबांपुढची बाटली

नळाच्या पाण्याची पाहणी करायला तालुक्याहून साहेब आले, तेव्हा शेजारच्या काकूंनी त्यांच्यापुढे दुकानातून आणलेली पाण्याची बाटली ठेवली. महिनाभर नळाला गढूळ पाणी येत होतं. आत काकूंचा नातू काविळीने झोपून होता.

"काकू, नळाचंच द्या ना," मी हळूच म्हणालो.

"शिकून हेच शिकलास होय? पाहुण्याला असलं पाणी देतात का?"

बाटलीतलं पाणी पिऊन साहेबांनी विचारलं, "काही तक्रार?" जमलेली माणसं नुसतीच हसली. "चहा घेऊनच जा, साहेब," कुणीतरी म्हणालं.

याच माणसांच्या चांगुलपणावर मी घरातला पहिला पदवीधर झालो. त्या चांगुलपणाला नावं कशी ठेवू? पण सरकार दारात आलं की आपण त्याला पाहुणा करतो, आणि पाहुण्यापुढे घरचं दुखणं काढत नाही. मग त्याला ते कळावं तरी कसं?

मी नळावर पेला भरून साहेबांपुढे ठेवला. "साहेब, आम्ही हे पितो."

साहेब पेल्याकडे बघत राहिले. काकूंनी मात्र मान खाली घातली, जणू ते पाणी त्यांनीच गढूळ केलं होतं.